अर्थिंग ओलं हाय का?

…आणि वर म्हणे, ओलं ठेवा! अर्थिंग ओलं ठेवा! अहो, ओलं ठेवायला ते काय पापडाचं पीठ आहे? तुम्हाला सांगतो, त्या उन्हाळ्यात लातुरात माणसाचा घसा ओला राहत नव्हता, नळाला तोंड लावलं तर नळच आपल्या तोंडातलं पाणी ओढून घेईल अशी वेळ आली होती, आणि हा नांदेडचा नरसिंग रोज संध्याकाळी रेडिओवरून मला काय विचारणार? तर "मन्मथ, अर्थिंग ओलं हाय का?" रामराम नाही, शरणार्थ नाही, बायको बरी आहे का, दुकान चालतंय का, काही नाही… थेट अर्थिंग!

थांबा, थांबा, आधी नाद सांगतो, मग बोंब सांगतो. मी मन्मथ, गंजगोलाईत माझं भांड्याचं दुकान, आणि माणसाला एकेक नाद असतो हो, कुणाला पत्त्यांचा, कुणाला पानाचा, मला रेडिओचा. ऐकायचा नाही, बोलायचा! घरच्या घरी यंत्र बनवायचं, माळवदावर खांब रोवून तार ताणायची, आणि आपल्यासारखाच दुसरा येडा जगात जिथं कुठं बसला असंल त्याच्याशी गप्पा मारायच्या. परवाना असतो त्याला, सरकारी! हॅम म्हणतात आम्हाला. आमच्या मंडळींना म्हणजे शिवकांताला हे पहिल्यांदा सांगितलं तर ती म्हणाली, "घरात माझ्याशी चार शब्द बोलत न्हाईत, आन् जगाशी काय बोलणार?" आता ह्याला उत्तर आहे का? नाही. म्हणून तर रेडिओ केला!

दोन वर्षं लागली, दोन वर्षं! हैदराबादच्या भंगारातनं एकेक सामान आणून, बोटं भाजून घेऊन मी तो संच जोडला, आणि बसवायला चांगलं खोकं मिळंना म्हणून शिवकांताचा माहेरचा शेवयांचा डबा घेतला, मोठा, पितळी, झाकणाला नक्षी. न विचारता घेतला. ती शेवया करायला बसली आणि डबा उघडला तर आत वायरी! त्या वर्षी आमच्याकडं शेवया झाल्या नाहीत, एवढंच सांगतो. पण त्या डब्यातनं पहिल्यांदा नांदेड ऐकू आलं ना… काय सांगू तुम्हाला, छातीत कसं भरून आलं. पोटच्या पोरानं पहिल्यांदा आप्पा म्हणावं तसं झालं मला. आणि नांदेड काय म्हणालं? "मन्मथ, अर्थिंग केलास का?"

आता हा नरसिंग असा का झाला तेही ऐका. मागच्या वर्षी हा भोकरला मेव्हणीच्या लग्नाला गेला, तार तशीच रेडिओला जोडलेली, इकडं नांदेडात वीज पडली तारेवर, आणि हा परत येऊन बघतो तर रेडिओचं भरीत! तेव्हापासून माणूस जो उपदेशाला लागला तो लागलाच. म्हणतो, "मन्मथ, वीज म्हंजी जावाई हाय. आला तर अडवायचा न्हाई. सरळ वाट दाखवायची, पाय धुवायला पानी ठिवायचं आन् खाली बशिवायचं. घरात घुसू द्यायचा न्हाई! खांबापासून जाड तार सोड खाली, सा फुटी खड्डा खंद, नळी गाड, कोळसा घाल, मीठ घाल, आन् रोज पानी घाल. कोरड्या मातीत वीज जात न्हाई, समदी तुज्या डब्यात येती."

रोज पाणी! कुठं? लातुरात! कधी? दुष्काळात! टँकर आला की गल्लीत महाभारत व्हायचं, सख्ख्या जावा घागरीवरून एकमेकींचे अंबाडे धरायच्या. आमच्या घरी एकच पाणी चार घरं फिरायचं… तांदूळ धुतले, त्यातच भाजी धुतली, त्यातच भांडी विसळली, आणि उरलं तर शिवकांता म्हणायची, "घ्या, आंघोळ करा." आणि मी त्यात अर्थिंगचा वाटा मागू?

पण रेडिओ वाचवायचा होता ना! दोन वर्षांचा जीव होता त्या डब्यात. म्हटलं खणूया. घराच्या बाजूला ओट्याच्या कोपऱ्यावर पहाट मारायला सुरुवात केली… पहार हो, पहार! बघा, आठवलं तरी जीभ घसरते… तर कंबरेएवढा खड्डा झाला नाही तोवर मागं वळून बघतो तर काय? अख्खी गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी! "आप्पा, बोअर घेऊन राहिलात का? लागलं का पानी?" म्हटलं बोअर नाही बाबांनो, अर्थिंग आहे. "ते किती फुटाला लागतंय?" आता काय सांगायचं! शेवटी नळी गाडली, कोळसा घातला, मीठ घातलं, सगळे बघतायत, आणि मग मी घरातनं तांब्याभर पाणी आणलं आणि त्या खड्ड्यात… ओतलं.

रांगेतल्या सगळ्या घागरी एकदम खाली टेकल्या.

आमच्या समोर अमृतराव राहतात, तहसिलीतनं रिटायर झालेले पेशकार. म्हणजे नोकरीतनं रिटायर झाले, पेशकारीतनं नाही. ते पुढं आले, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "मन्मथआप्पा! दुनिया खड्ड्यातून पानी काढती, तुम्ही खड्ड्यात पानी घालता? मानसाला प्यायला न्हाई आन् लोखंडाला पाजता? आठ दिवसांत हे बंद करा, न्हाईतर म्या कलेक्टरकडं जातो! पहिलं बरं व्हतं तुमचं, तकरार करायची म्हणली की उस्मानाबादची गाडी धरावं लागायचं, मानूस अर्ध्या वाटंत थंड व्हायचा. आता जिल्हा झालाय म्हणलं! चालत जाऊन तकरार करतो आन् जेवायला घरी येतो!"

हे त्यांचं पालुपद होतं, जिल्हा झालाय. जिल्हा नवा नवा होता ना, नव्या नवरीसारखं कौतुक! अमृतरावांना ठेच लागली तरी म्हणायचे, जिल्हा झालाय आता, असे दगड रस्त्यात? माझा खांब उभा राहिला तेव्हा हेच सगळ्यांना सांगत होते, जिल्ह्याच्या गावाला उंच काहीतरी पाहिजेच. आणि आता त्याच खांबाच्या मुळावर उठले!

संध्याकाळी रेडिओ लावला. "मन्मथ, अर्थिंग ओलं हाय का?" म्हटलं अरे बाबा, अर्थिंग ओलं केलं तर माझं वाळवण घालतील लोक! तर म्हणतो, "मग थेंब थेंब सोड. कोनाला दिसतंय? भांड्याला बारीक भोक पाड आन् टांगून ठिव."

भांड्याला भोक! आणि माझं तर भांड्याचंच दुकान! आता नीट ऐका, इथं माझी अक्कल चालली आणि इथंच घात झाला. त्या वर्षी घागरी, हंडे, कळशा हातोहात खपत होत्या, एक माल तेवढा पडून होता… गळती! ओळखता ना, महादेवाच्या पिंडीवर टांगतात ते तांब्याचं अभिषेकपात्र, खाली भोक असतं, दिवसभर थेंब थेंब पडतो. कोण घेणार? देवालाच कोरडी आंघोळ होती, गळती कोण घेतंय! म्हटलं आयतं भोक आहे, नवं पाडायला नको. आणली घरी. तीन काठ्यांची तिपाई केली, त्या नळीच्या बरोब्बर वर टांगली, अर्धा तांब्या पाणी घातलं. टप… टप… टप. दिवसभर पुरलं! असा खूश झालो मी, स्वतःचीच पाठ थोपटली. माणूस एवढा शिकलेला असून त्याला हे दिसू नये, की आपण रस्त्याच्या कडेला काय उभं केलंय?

दुसऱ्या दिवशी सोमवार. मला वाराचंही भान नाही, मी सकाळी सकाळी माडीवर रेडिओ घेऊन बसलो. आता आमची एक भाषा असते, तेही सांगायला पाहिजे. कुणी आहे का हो, असं जगाला विचारायचं असलं की म्हणायचं "सीक्यू, सीक्यू". ह्याच्यावरून आधीच एक गोंधळ झालेला. शेजारच्या दानम्माअव्वा, वय झालेलं, कान थोडा जड, निलंग्याकडच्या. त्या एकदा खालून हाक मारून म्हणाल्या होत्या, "आप्पा, रोज चिकू चिकू वरडता, कसे दिले? पावशेर द्या की!" दुष्काळात चिकू! आणि दुसरं म्हणजे, आम्ही हॅम लोक एकमेकांना 'ओएम' म्हणतो, म्हणजे इंग्रजीत 'ओल्ड मॅन', म्हातारबुवा, लाडानं. नरसिंगला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी जोरजोरात "ओएम! ओएम नरसिंग! ओएम! ओएम!" अहो, पाव तास तेच चाललं होतं माझं.

खाली उतरून बघतो… दानम्माअव्वा त्या नळीपुढं हात जोडून बसलेल्या. कपाळाला भस्म, पुढ्यात बेलाची पानं, डोळ्यांत पाणी. "यव्वा! वर ओमचा जप, खाली गळती, आन् मधी हे… कोन म्हणायचं हे?" म्हटलं, "अव्वा, उठा, ते अर्थिंग आहे."

"अर्थलिंग?"

"लिंग नाही अव्वा, थिंग! अर्थिंग!"

"अर्थलिंगच म्हणते की म्या. भुईतून वर आलंय. स्वयंभू हाय!"

"स्वयंभू कसलं, मी स्वतः गाडलंय परवा! तुमच्यासमोर!"

"तुम्ही निमित्त हो आप्पा."

आता मला सांगा, ह्याच्यापुढं कुठल्या वकिलाचं चालंल? तेवढ्यात अमृतराव आले. म्हटलं आले, आता हे बोलतील, हे सरकारी माणूस, ह्यांना लोखंड दिसेल. त्यांनी बघितलं. टोपी काढली. माझ्याकडं बघितलं, नळीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि मला मिठी मारून म्हणाले, "आप्पा! परळीला हाय, औंढ्याला हाय, आपल्यालाच काय ते नवीन काढायचं व्हतं! जिल्हा झालाय आता, जिल्ह्याच्या गावाला आपलं स्वतःचं पायजेच! उस्मानाबादला हाय का अर्थलिंग? न्हाई!"

संपलं! ज्या माणसानं आठ दिवसांची मुदत दिली होती, तोच तिथं विटांचं कडं बांधून घ्यायला लागला. म्हणाला, दुष्काळात महादेवाला पाण्यात कोंडायचं असतंय, नाकातोंडात पाणी गेलं की देव कासावीस होतो आणि पाऊस सोडतो, आजपासून ह्याला कोंडायचं. कोंडायला पाणी? तर काय सांगू तुम्हाला… ज्या गल्लीत घोटभर पाण्यावरून टाळकी फुटायची, त्या गल्लीतनं एकेक बाई एकेक वाटी घेऊन यायला लागली. आपल्या लेकराच्या वाट्यातलं. ते बघून, खरं सांगतो, मला लाज वाटली. मी ओट्यावर उभा राहून हात जोडून ओरडून सांगितलं, बाबांनो, आयांनो, हा देव नाही, हा रेडिओचा तुकडा आहे, वीज पडली तर ती जमिनीत घालवायला ठेवलाय! तर दानम्माअव्वा सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "ऐकलं का? विजंला पोटात घेतो म्हणं!" आणि सगळे म्हणाले, "हर हर महादेव!"

मी घरात येऊन बसलो. शिवकांता म्हणाली, "किती वेळा सांगणार? सांगितलं न? आता गप बसा, आन् सोमवारचं वांगं-बटाटं काय ते आणा, परसादाला मानसं येणार हायत."

संध्याकाळी नरसिंग: "मन्मथ, अर्थिंग ओलं हाय का?"

"ओलं? अरे, डुंबतंय!"

"पानी कुठून आणलास?"

"लोक आणून घालतात."

"लोक? हितं सख्खा भाऊ वाटीभर पानी देईना, आन् लोक तुज्या अर्थिंगला पानी घालतात? मन्मथ, उन्हात बसू नको जास्ती."

बरं, ही झाली एक गोष्ट. दुसरी सांगतो, ही कुणाला बोलता येत नव्हती. अख्खं लातूर आभाळाकडं हात जोडून उभं, ये रे बाबा, ये रे बाबा, आणि त्यांच्यात एकटा मी, त्यांच्याच रांगेत, तसेच हात जोडून मनात काय म्हणतोय? जरा थांब रे बाबा! कारण आधी वीज येते ना! पाऊस यावा, नक्की यावा, पण गप गुमान यावा, आवाज न करता मागच्या दारानं यावा. कुणी माझ्या मनातलं ऐकलं असतं तर मलाच त्या कड्यात कोंडलं असतं. लोक म्हणतात ना, देव पाण्यात घालून बसलाय अमका? ते बोलण्यापुरतं म्हणतात. माझा खराखुरा होता पाण्यात!

आणि मग आला तो पुढचा सोमवार. अमृतरावांनी जाहीर केलं, देव अंधारात? जिल्ह्याच्या गावाला? चालायचं नाही! कुठल्या तरी लग्नातली बल्बची माळ आणली, लाल, हिरवे, पिवळे, निळे. देवाच्या गळ्यात तीन वेढे घातले, गळतीच्या तिपाईवरून नेली, जिन्याच्या कठड्यावरून वर चढवली, आणि माझ्या माडीच्या खिडकीतनं आत! का? तर खाली बटण नाही. वर माझ्या बोर्डाला एकच भोक, त्यात रेडिओची पिन, आणि त्याच भोकात ह्यांनी माळेच्या दोन वायरी काडेपेटीच्या काड्या खुपसून पक्क्या बसवल्या. म्हटलं अमृतराव, ही पद्धत आहे का? "अहो, रात्रीपुरतं हाय!" आपल्याकडं सगळंच रात्रीपुरतं असतं, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

दिवेलागणीची वेळ. आरतीला गल्ली गोळा झालेली, माळ लुकलुकतेय, शिवकांता प्रसादाचं पातेलं घेऊन ओट्यावर, आणि मी माडीवर रेडिओला कान लावून बसलेलो. नरसिंग ओरडतोय, "ओएम, इकडं लोहा गावाकडून कडकडाट चालू झालाय! म्या एरियल काढलो, तू बी काढ! अर्थिंग ओलं हाय न?" मी खिडकीतनं बघतो तर आभाळ काळं ठिक्कर! खाली एकच गलका, "आला! आला! हर हर महादेव!" लोक नाचतायत, आणि मी वर खांबाकडं बघतोय.

पण मी शिकलेलं विसरलो नाही. तुम्हाला शपथेवर सांगतो, मी सगळं बरोबर केलं. एरियलची तार डब्यातनं काढली, खिडकीबाहेर नेली, अर्थिंगच्या तारेला चिमटा लावून जोडून टाकली. जावयाला सरळ वाट! आता राहिली भिंतीतली पिन. ती काढायला हात घातला, काडी हलली, माळ विझली, आणि खालून दानम्माअव्वांची किंकाळी, "देवाचा दिवा गेला! कोन काढला? ऐन टायमाला अंधार करू नका आप्पा, तळपट व्हईल!" अमृतराव जिन्यातनं वर यायला लागले, "आप्पा, हात काढा, जिल्हा बघून राहिलाय!" मी काडी परत दाबली. मनात म्हटलं एवढी आरती होऊ दे, मग काढतो. तर तेवढ्यात काय झालं? गावाचीच वीज गेली! वाऱ्यानं नेहमी जाते तशी. सगळीकडं अंधार. खालून सगळे एकसुरात, "वीज गेली!"

मला म्हणाल तर बरंच वाटलं. वीजच गेली म्हटल्यावर पिन काढायची कशाला, नाही का? तारेत काही नाही, मेलेली तार ती! मी पिन तशीच ठेवली आणि खाली आलो. टपोरे थेंब पडायला लागले होते, गारा पडायला लागल्या, सगळे पळत आमच्या ओट्यावर छपराखाली दाटीवाटीनं उभे. शिवकांता अंधारात म्हणाली, "अहो, वीज कधी येईल?"

आली!

अशी आली… माझ्या दुकानातली सगळी भांडी वरच्या फळीवरून एकदम खाली पडावी असा आवाज. खांबावर निळं-पांढरं लखलखलं, जाड तारेवरून सरळ खाली, सरळ त्या कड्यात, पाणी फस्सकन उसळलं, वाफ झाली, आणि मी मनात म्हणतोय, गेली, गेली जमिनीत गेली, शाब्बास नरसिंग! आला जावई, पाय धुतले, खाली बसला! आणि तेवढ्यात माझं लक्ष माळेकडं गेलं.

देवाच्या गळ्यातला पहिला बल्ब फुटला. लाल. मग हिरवा. फट! पिवळा. फट! तिपाईवरून, कठड्यावरून, जिन्यानं एकेक पायरी चढत… फट, फट, फट, फट… जावई वर निघाला होता! पुढच्या दारानं बसवलेला जावई मागच्या जिन्यानं माडीवर! निळा बल्ब खिडकीपाशी होता, तो फुटला, आणि मग आतनं एकच बारीक आवाज आला. झाकणाचा. टण्ण.

मी वर गेलो. डब्यातनं धूर. झाकण उडून पलंगाखाली, आत सगळं कोळसा, वायरी वितळून एकमेकींच्या गळ्यात. दोन वर्षं हो… मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो, काय लपवायचं! शिवकांता वर आली, कंदील घेऊन. तिनं डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाली, "अहो, खाली समदी गल्ली उभी व्हती. एका बी मानसाला धग लागली न्हाई. बिनपान्याचा खड्डा असता तर कुठं गेली असती वीज?" मला वाटायचं तिला ह्यातलं काही कळत नाही. मग तिनं डबा उचलला, उलटा केला, आतला कोळसा खिडकीतनं झटकला, आणि म्हणाली, "डबा तेवढा शाबूत हाय. ह्या वर्षी शेवया करते."

आणि खाली? खाली काय विचारता! पाऊस पडला किती, तर दोन पिंपं भरतील इतका. पण गजर असा की सिद्धेश्वराच्या जत्रेला होत नाही. दानम्माअव्वा सगळ्यांना सांगतायत, "म्या म्हणलं नव्हतं? विजंला पोटात घेतला! गल्ली वाचवला!" आता ह्यात खोटं काय आहे, सांगा ना मला! शब्द न् शब्द खरा आहे! वाचवलीच गल्ली त्यानं! हेच तर मी ओट्यावर उभा राहून बोंबलून सांगत होतो! अमृतराव म्हणाले, "आप्पा, तुमचं नशीब लई थोर. देव आधी तुमच्या घरात येऊन गेला." मी म्हटलं, हो, आला होता, माडीपर्यंत आला होता.

दोन दिवस रेडिओवर मी नाही म्हटल्यावर नरसिंग घाबरला, एसटी धरून नांदेडहून आला. बिचारा, मला बघून डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. वर गेला, काळा बोर्ड बघितला, खाली आला, खांबापासून खालपर्यंत तार बघितली, ते कडं बघितलं, आणि दम खाऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "मन्मथ… अर्थिंग ओलं व्हतं न?"

मी नुसतं बोट दाखवलं. तिथं बाया रांगेनं पाणी घालत होत्या. तो उकिडवा बसला, माती चिमटीत घेऊन बघितली. चिखल! नांदेडपासून लातूरपर्यंत अशी ओली माती त्यानं कुठं बघितली नव्हती. मग इकडं तिकडं बघून माझ्या कानाशी आला, "मन्मथ, दुकानात अजून एक गळती हाय का रे?" मी म्हटलं तुला कशाला? "न्हाई… आमच्या बी गल्लीत एक म्हातारी हाय. कानानं जड."

दिली त्याला. फुकट दिली. माल पडूनच होता.

आणि आता तुम्हीच बघायला या, मी कशाला सांगू! तिथं चार पत्रे झालेत, घंटा झालीय. माझा खांब काढायचा म्हणलं तर काढू देत नाहीत, देवाचा खांब आहे म्हणतात, त्याच्यावर अमृतरावांनी कर्णा बांधलाय. जगाशी बोलायला मी खांब उभा केला, आता पहाटे त्याच खांबावरून जग माझ्याशी बोलतं, आणि ते थांबवायचं बटण माझ्याकडं नाही! परवा कुणी तरी दानम्माअव्वांना विचारलं, वरून ओमचा जप का येत नाही हल्ली? तर म्हणाल्या, "आप्पांनी मौन धरलंय." आणि लोक माझ्या पाया पडायला लागले!

धरलंय मौन. काय करता? गल्ली वाचली, शेवया झाल्या, टँकरवाला पण जाता जाता एक बादली घालून जातो. नरसिंग पोस्टकार्ड पाठवतो, त्यात एकच ओळ असते, तुम्हाला माहीतच आहे कोणती. आणि मी उत्तर लिहितो… हाय रे बाबा, ओलं हाय. अख्ख्या मराठवाड्यात असलं ओलं अर्थिंग नाही. फक्त त्याला जोडायला आता रेडिओ नाही.